वसईच्या किल्ल्याचे दर्शन व छायाचित्रण : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

राजधानीच्या शहरातील एखादी जुनी वास्तू पाहावयास जाणे आणि तिचे छायाचित्र घेऊन परतणे ही गोष्ट आज इतकी सवयीची झाली आहे की, तिलाही काही इतिहास असेल हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. वसईच्या बाबतीत तर ही वास्तू एका राजधानीत आहे याचाच बहुतेकांना विसर पडलेला असतो. मुंबईहून लोकल गाडीने तास-सव्वा तासात येणाऱ्या प्रेक्षकाला वसई म्हणजे महानगराचे एक टोक वाटते. परंतु १५३४ ते १७३९ अशी सुमारे दोनशे पाच वर्षे वसई पोर्तुगीजांकडे होती. दमणपासून चौलपर्यंत पसरलेल्या त्यांच्या उत्तर प्रांताचे हे मुख्य शहर होते आणि त्या प्रांताचा सेनाधिकारी येथेच राहत असे. मुंबई ही त्या काळात वसईच्या अमलाखालील एक दुय्यम जागा होती.

या राजधानीचे आज जे शिल्लक आहे त्याची छायाचित्रे अमाप आहेत. त्यांतून त्या शहराविषयी नेमके काय कळते, आणि काय कळत नाही, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. किल्ल्याच्या उत्तरेस चार-पाच किलोमीटरवर असलेल्या गिरीज गावाचा विचार येथे मुद्दाम केला आहे. किल्ल्याच्या छायाचित्रात जे येत नाही ते समजून घेण्यास हे गाव फार उपयोगी पडते.

कॅमेऱ्यापूर्वीचे प्रेक्षक

गुजरातचा सुलतान बहादुरशहा याने २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्यानंतर नुनो दा कुन्हा या गव्हर्नराच्या काळात बांधकामास आरंभ झाला. आज दिसणारा दहा बुरुजांचा तट सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातील असून त्याच्या आत सुमारे ११० एकरांचे नगर होते. त्यात चौक, रस्ते, वाडे, रुग्णालय, न्यायकचेरी आणि निरनिराळ्या धर्मसंघांचे मठ व चर्चे होती. तटाच्या आत कायमचे राहण्याचा मान मुख्यतः पोर्तुगीज कुलीनांचा समजला जाई. या गोष्टीकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

छायाचित्र नसलेल्या काळात प्रवाशाची लेखणी हेच एक साधन होते. इंग्रज वैद्य जॉन फ्रायर १६७५ च्या सुमारास येथे आला. त्याच्या नोंदीत आच्छादित सज्जे असलेली दुमजली घरे आहेत आणि काचेऐवजी शिंपल्यांची तावदाने बसविलेल्या मोठ्या खिडक्या आहेत. ही तावदाने आज एकाही भिंतीवर नाहीत. खिडक्यांच्या चौकटींची रिकामी भोके मात्र आहेत, आणि छायाचित्रकारांना तीच फार आवडतात. त्या भोकांतून आभाळ दिसते, ताड दिसतात. फ्रायरच्या वेळी त्यांतून प्रकाश पाझरत असे, पण आरपार काही दिसत नसे. एवढ्या एका तपशिलाने आजच्या छायाचित्राचा अर्थ बदलतो.

इटालियन प्रवासी जेमेली कारेरी १६९५ मध्ये वसईस आला. त्याचे वर्णन या निबंधाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे, कारण तो तटाबाहेर गेला. शहरापासून कित्येक मैलांपर्यंत फळझाडांच्या बागा, उसाची शेते आणि गावे पसरलेली त्याला दिसली. ख्रिस्ती, मुसलमान व हिंदू शेतकरी या बागा राखीत आणि पाणी खेचण्याच्या यंत्रांनी त्या सदैव हिरव्या ठेवीत. ही यंत्रे म्हणजे रहाट, हे वसईकरास सांगावयास नको. शहरातील धनिकांची उन्हाळी घरेही याच भागात होती. उत्तर किनाऱ्यावरील शहरांत उद्भवणाऱ्या साथीपासून दूर राहण्यासाठी ते तेथे जात. राजधानीचे वैभव तटाच्या आत होते, पण तिचे अन्न, पाणी आणि स्वच्छ हवा बाहेरून येत होती. बागायतीसाठी प्रसिद्ध असलेला गिरीज, निर्मळ, भुईगावचा पट्टा याच बाहेरच्या भूमीत मोडतो.

शंभर वर्षांचे अंतर

चिमाजी अप्पांच्या फौजेने १७३९ च्या मे महिन्यात सुरुंग लावून तटाला खिंडारे पाडली आणि १६ मे रोजी पोर्तुगीजांनी शरणागतीचा करार केला. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १८३९ च्या ऑगस्टमध्ये, दागेर याची छायाचित्रण-पद्धती पॅरिस येथे जाहीर झाली. हा योगायोग वरवर केवळ तारखांचा आहे. परंतु वसईचे छायाचित्र पाहताना तो सतत ध्यानात ठेवावा लागतो. नांदत्या वसईचे एकही छायाचित्र नाही, आणि असू शकत नाही. कॅमेरा आला तेव्हा शहर उजाड होऊन बराच काळ लोटला होता.

हे शंभर वर्षांचे अंतर रिकामे मात्र नव्हते. पुष्कळ छायाचित्रांखालील मजकुरातून असा समज होतो की, पोर्तुगीज गेले आणि किल्ला ओस पडला. तो चुकीचा आहे. मराठी अमलात वसई हे सरसुभ्याचे ठिकाण होते. किल्ल्यात नागेश्वर व वज्रेश्वरी यांची देवळे उभी राहिली. १७८० च्या डिसेंबरात जनरल गॉडर्डने किल्ला घेतला आणि सालबाईच्या तहानुसार तो मराठ्यांकडे परत आला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी केलेला तह वसईच्याच नावाने ओळखला जातो. पेशवाईच्या अस्तानंतर मात्र या जागेचे लष्करी व राजकीय प्रयोजन संपले. १८२५ साली बिशप हेबर आला तेव्हा त्याला वेशीत एक लहानसा पहारा, छप्पर उडालेल्या इमारती आणि बऱ्या स्थितीतील एक देऊळ एवढेच आढळले. पुढे किल्ल्याच्या आवारात साखर कारखान्याचाही प्रयोग झाला. म्हणजे छायाचित्रात जे भग्नावशेष दिसतात ते एका लढाईचे फळ नसून वेढा, स्थलांतर, तोफा, पाऊस, वड-पिंपळ आणि दुर्लक्ष यांचे साचलेले रूप आहे. छायाचित्र मात्र या साऱ्यांना एका क्षणात एकत्र करते. प्रेक्षक तो क्षण १७३९ चा समजतो.

मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या प्रमुख एतद्देशीय सभासदांपैकी होते. फ्रान्सच्या शासनाने १८५१ मध्ये पाच छायाचित्रकारांना देशातील स्मारकांची चित्रे घेण्यास पाठविले होते. मुंबई इलाख्यातही १८५५ साली थॉमस बिग्ज याची याच कामी नेमणूक झाली आणि विजापूर, बदामी, ऐहोळे येथील वास्तूंची चित्रे त्याने घेतली. हाताने आराखडे काढणाऱ्यापेक्षा कॅमेरा स्वस्त व अचूक, ही त्यामागील सरकारी भूमिका होती.

ही अचूकता तपासून घ्यावी लागते. त्या काळी काचेवर ओले रसायन पसरून ती ओली असतानाच चित्र घ्यावे लागे आणि काही मिनिटांतच अंधाऱ्या तंबूत ते प्रकट करावे लागे. काच कित्येक सेकंद प्रकाशास उघडी ठेवावी लागत असल्यामुळे हलणारा माणूस धूसर होई किंवा चित्रात उमटतच नसे. भिंत मात्र हलत नाही. अवशेषांच्या जुन्या छायाचित्रांत जी गूढ शांतता वाटते तिचा काही भाग त्या स्थळाचा आहे आणि काही भाग रसायनशास्त्राचा. गवत कापणारी बाई, गुरे चारणारा मुलगा, देवळात पूजेस आलेला गुरव हे त्या जागी असूनही काचेवर न उमटण्याची शक्यता पुष्कळ होती. याच्या उलट प्रकारही मुंबईतच आढळतो. विल्यम जॉन्सन याने मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींचे जे संग्रह १८६० च्या दशकात प्रसिद्ध केले, त्यांत स्टुडिओत घेतलेल्या व्यक्तींच्या आकृती दुसरीकडे घेतलेल्या देखाव्यांवर बसविलेल्या आहेत. तेव्हा रिकाम्या जागेत माणसे भरता येत आणि भरलेल्या जागेतून ती नाहीशीही होत.

दा कुन्हा यांचा ग्रंथ

वसईच्या छायाचित्रणात १८७६ हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी मुंबईत डॉ. जे. जर्सन दा कुन्हा यांचा चौल व वसई येथील इतिहास आणि पुरावशेष यांवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. दा कुन्हा हे मूळचे गोव्याचे, व्यवसायाने वैद्य आणि नाण्यांचे नामांकित अभ्यासक. त्यांच्या ग्रंथात १७ छायाचित्रे, ९ शिलाछाप चित्रे व एक नकाशा आहे. अक्षरांबरोबरच यंत्रावर छायाचित्र छापण्याची सोय तेव्हा रूढ झालेली नव्हती. स्वतंत्र काढलेल्या प्रती एकेक करून पानावर चिकटवाव्या लागत. अशा काळात इतकी छायाचित्रे देण्याचा खर्च व खटाटोप लेखकाने पत्करला, यावरून त्यांना तो केवळ शोभेचा भाग वाटत नव्हता असे म्हणता येते.

या ग्रंथाचे खरे मोल मजकूर व चित्र यांच्या जोडीत आहे. लेखकाने कोरीव लेख वाचले, त्यांची भाषांतरे दिली, पोर्तुगीज साधने धुंडाळली आणि त्याच्या शेजारी छायाचित्र ठेवले. सहा वर्षांनी, १८८२ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमधील वसईचे विस्तृत वर्णन याच पायावर उभे आहे. पुढे ब्राझ फर्नांडिस यांनी १९४१ मध्ये अवशेषांची मार्गदर्शिका लिहिली. किल्ल्यातील राजचिन्हे व शिलालेख यांवरील त्यांचे काम १९५७ मध्ये लिस्बन येथून प्रसिद्ध झाले.

या परंपरेचा उपयोग कसा होतो हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. सेंट जोसेफ चर्चच्या दर्शनी भागावर एक पोर्तुगीज लेख आहे. आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस आणि धर्मगुरू पेद्रू गाल्वांव परेरा यांच्या कारकिर्दीत, १६०१ साली, हे मुख्य चर्च पुन्हा उभारले गेले, असे तो सांगतो. दगड उघड्यावर आहे आणि कोकणातील पाऊस त्यावर चारशेहून अधिक वर्षे पडत आहे. एखादे अक्षर आज संदिग्ध वाटले तर जुन्या वाचनाकडे जाता येते. फ्रान्सिस्कन चर्चच्या फरशीतील थडग्यांच्या शिळांची स्थिती अधिक नाजूक आहे. त्यांवरून सर्रास चालले जाते. ज्या अक्षरांचे वाचन वा चित्र वेळीच झाले तीच उद्या उरतील, हे कटू असले तरी खरे आहे.

वसईच्या वास्तूचे छायाचित्रण वसईतच पूर्ण होत नाही, हेही येथे नमूद करणे आवश्यक आहे. चर्चच्या मनोऱ्यातील घंटांच्या जागा रिकाम्या दिसतात, कारण त्या घंटा विजयचिन्हे म्हणून मराठी मुलखातील देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटेवर १७२१ हे साल आहे. मेणवली व भीमाशंकर येथील घंटाही याच मोहिमेशी जोडल्या जातात. वसईच्या खाणींतील काळा दगडही दूर गेला. जुन्या गोव्यातील, १६०५ मध्ये पवित्रीकरण झालेल्या बॉम जेझू बॅसिलिकेच्या दर्शनी भागावरील कोरीवकामास तो वापरला आहे. वसईतील भग्न दर्शनी भाग मूळचा कसा असावा याची कल्पना त्याच दगडातील, त्याच काळातील अखंड कामावरून बऱ्यापैकी येते. नाशिकची घंटा, गोव्याचा दर्शनी भाग आणि वसईचा मनोरा यांची छायाचित्रे शेजारी ठेवली, तर किल्ल्यात मिळणार नाही असे ज्ञान त्यांतून मिळते.

गिरीजच्या बाजूने

किल्ल्याच्या तटाआड राहण्याचा अधिकार ज्यांना नव्हता, त्यांचे काय, हा प्रश्न छायाचित्र विचारत नाही. दगड वाहणारे, चुना मळणारे, रहाट फिरविणारे, भाजी-फळे पुरविणारे लोक भोवतालच्या गावांत होते. त्यांची घरे कुडाची, मातीची, गवताने वा झावळ्यांनी शाकारलेली असत. अशा घरांचे अवशेष उरत नाहीत. भग्नतेतही भव्य दिसण्यासाठी मूळ वास्तू दगडाची असावी लागते. हा कॅमेऱ्याचा पक्षपात नव्हे, परंतु कॅमेरा तो पक्षपात पुढे चालवितो एवढे निश्चित.

गिरीजला याशिवाय स्वतःची एक ऐतिहासिक वास्तू आहे. येथील हिराडोंगरी या लहानशा टेकडीवर वज्रगड आहे. वसई मोहिमेच्या काळात मराठ्यांनी तो उभारला असे मानले जाते. १७३७ ते १७३९ या मोहिमेत वसईच्या भोवतालची ठाणी एकेक करून घेणे वा नवीन उभारणे हा मराठ्यांच्या डावपेचांचा भाग होता. अर्नाळा १७३७ मध्येच घेतला गेला. सपाट बागायती प्रदेशात उभी असलेली ही टेकडी किनाऱ्यावर नजर ठेवण्यास सोयीची आहे, हे जागेवर गेल्याबरोबर पटते. आज माथ्यावर दत्ताचे मंदिर आहे. तटाचे तुरळक अवशेष शोधावे लागतात.

एकाच मोहिमेशी संबंधित, एका दुपारी पायी फिरून होतील अशी ही दोन स्थळे. एकाचा सूर्यास्त लाखो हातांतील यंत्रांत साठविलेला आहे, तर दुसरे जेमतेम ओळखू येते. वज्रगडास दा कुन्हा लाभले नाहीत. त्यांचा विषयच पोर्तुगीज नगरे हा होता, तेव्हा त्यांना दोष देता येत नाही. परंतु मराठ्यांच्या विजयाचा अभिमान बाळगणाऱ्या नंतरच्या पिढ्यांनीही कॅमेरा प्रामुख्याने पराभूतांच्या दगडांवरच रोखला, ही विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. याचे कारण साधे आहे. मराठ्यांचे बांधकाम येथे युद्धोपयोगी आणि घाईचे होते. त्यात चित्रात खुलणारे असे फारसे नव्हते.

आजचा कॅमेरा

वसईचा किल्ला केंद्रशासनाच्या संरक्षणाखालील स्मारक आहे. १९५८ चा अधिनियम व १९५९ चे नियम त्यास लागू आहेत. २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामास बंदी आली आणि त्यापुढील २०० मीटरांत ते नियंत्रित झाले. अजिंठा, लेहचा राजवाडा आणि ताजमहालातील कबरीचा गाभारा वगळता केंद्रसंरक्षित स्मारकांत सामान्य प्रेक्षकास छायाचित्रे घेण्याची मोकळीक २०१८ मध्ये देण्यात आली. चित्रपटांच्या चित्रीकरणास मात्र वेगळा परवाना लागतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या कोल्डप्ले या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या गीतपटातही हा किल्ला जगाने पाहिला, बहुधा तो कोठला हे न कळता.

लग्नाआधीची छायाचित्रे काढून घेण्यासाठी येणाऱ्या जोडप्यांना जाणकार मंडळी नाके मुरडतात. ते सर्वस्वी योग्य नाही. तटावर चढणे, दगडांवर नावे कोरणे, दिव्यांचे जड खांब जुन्या चुन्याला टेकविणे हे आक्षेपार्ह आहेच. पण त्याच छायाचित्रांत, वधूवरांच्या खांद्यामागे, एखाद्या कमानीची त्या तारखेची स्थिती नोंदली जाते. पिंपळाचे मूळ कोठवर आले होते, डागडुजी होण्यापूर्वी भेग केवढी होती, गिलावा कोणत्या वर्षी गळला, हे पुढील अभ्यासकास कदाचित त्याच चित्रांतून कळेल. जुन्या छायाचित्राची सर्वांत मोठी उणीव म्हणजे त्यावर तारीख नसणे. आजच्या मोबाइलमध्ये तारीख, वेळ आणि बहुधा स्थळही आपोआप नोंदले जाते. परंतु ते चित्र समाजमाध्यमांवरून फिरू लागले की ही नोंद अनेकदा गळून पडते आणि चित्र पुन्हा बेवारशी होते.

महाविद्यालयांस येथे करण्यासारखे बरेच आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांची सहल दरवर्षी किल्ल्यावर जाते, समूहचित्र निघते आणि विषय संपतो. अमेरिकेत १९७७ ते १९७९ या काळात मार्क क्लेट आदी छायाचित्रकारांनी एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रांच्या नेमक्या जागा शोधून, त्याच कोनातून, त्याच ऋतूत पुन्हा चित्रे घेतली होती. वसईत असे काम दा कुन्हा यांच्या १७ चित्रांपासून सुरू करता येईल. त्यास महागडी साधने लागत नाहीत. जागा, दिशा, तारीख यांची वही, आणि दरवर्षी त्याच ठिकाणी उभे राहण्याचा नेम एवढे पुरेसे आहे. पावसाळ्यानंतरचे चित्र आणि उन्हाळ्यातले चित्र वेगळे ठेवावे लागेल. गवत वाढलेले असताना भिंतीचा पाया दिसत नाही, हा साधा मुद्दा बरेच जण विसरतात. चित्रांच्या प्रती ग्रंथालयात कागदावर काढून ठेवणे इष्ट, कारण संगणकीय साठवणीची माध्यमे पाच-दहा वर्षांत कालबाह्य होतात.

याच वहीत गिरीजचीही पाने असावीत. तेथे पुन्हा घेण्यासाठी जुने प्रसिद्ध चित्र हाती नसले, तरी दुसरे साधन आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅमेरा किल्ल्याच्या आसपासच्या घरांत पोहोचला. किल्ल्यातील येशूच्या पवित्र नावाचे चर्च वसईत जन्मलेल्या आणि १८६२ मध्ये संत घोषित झालेल्या गोन्सालो गार्सिया यांच्या नावे ओळखले जाते. विसाव्या शतकात त्याची डागडुजी झाली व तेथे सण साजरा होऊ लागला. त्या सणाची, दत्तजयंतीची, लग्नाच्या वऱ्हाडांची, शाळेच्या वनभोजनांची छायाचित्रे गावोगावच्या घरांत जाड पुठ्ठ्याच्या अल्बमांत आहेत. त्यांत माणसे पुढे आहेत आणि वास्तू मागे. दा कुन्हा यांच्या काळच्या कॅमेऱ्याला जे साधले नाही ते या चित्रांत नकळत साधले आहे. आजीच्या मांडीवरील नातवाच्या मागे टेकडीचा उतार दिसतो. त्या उतारावर दगडांची एक ओळ दिसते. ती ओळ तटाची की शेताच्या बांधाची, हे त्या घरातील वडीलधाऱ्यांना अद्याप सांगता येते.